‘तिला सांगू नका’

मावशीचा रिपोर्ट आम्ही फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्याखाली ठेवला होता. तिचा हात तिथवर पोचत नसे, म्हणून. अन्ननलिकेचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. तिला सांगितलं होतं, अल्सर आहे, गोळ्यांनी बरा होईल. मामानं डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून आधीच बजावलं होतं, ‘‘तिला सांगू नका, खचेल ती.’’ डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना हे रोजचंच असावं.

मावशीनं उभं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात घालवलं. कॉपी केलेलं उत्तर जी बाई तिसऱ्या ओळीतच ओळखायची, तिला आठवड्याला किलोभर वजन उतरवणारा हा ‘अल्सर’ ओळखता येणार नाही, असं आम्हाला का वाटलं कोण जाणे. तिनं एकदाही काही विचारलं नाही. फक्त एका सकाळी दुधवाल्याला थांबवून महिन्याचा हिशेब चुकता केला आणि सांगितलं, ‘‘एक तारखेपासून अर्धाच लिटर टाकत जा.’’ घरात दोघीच होत्या, ती आणि माझी आई.

पुढे न्यूमोनिया झाला. रात्री दोनच्या सुमारास आयसीयूच्या दारातून एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘नातेवाईक कोण?’’ मी उठले. श्वास कमी पडतोय, व्हेंटिलेटर लावायचा का, लगेच सांगा. मी म्हटलं, ‘‘सगळं करा डॉक्टर.’’ सही केली. त्यानंतर मावशी नऊ दिवस होती. नळी ओढू नये म्हणून हात बँडेजपट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेले. भेटीची वेळ संध्याकाळी पंधरा मिनिटं. ती माझ्याकडे बघायची. तिच्या घशात नळी होती, तिला बोलता येत नव्हतं. माझ्या घशात नळी नव्हती, तरी मला बोलता आलं नाही.

त्या दवाखान्यावर माझा राग नाही. त्यांनी विचारलं, आम्ही उत्तर दिलं. चूक त्याच्या कितीतरी आधी, त्या बिस्किटांच्या डब्याखाली झाली होती.

माणसाच्या शेवटच्या दिवसांत काय काय करता येतं, याची माहिती आता बरीच मिळते. आयसीयू, हॉस्पिस, घरी येणारी नर्स, मॉर्फिन, लिव्हिंग विल. पण हे सगळे पर्याय ज्याच्यासाठी आहेत, त्याला आजार काय आहे हेच ठाऊक नसेल, तर निवड करायची कुणी? आपल्याकडे ती नातेवाईक करतात, मध्यरात्री, उभ्याउभ्या, अपराधी वाटत असताना. प्रेमापोटीच करतात, यात मला शंका नाही. पण आजारी माणसाचा निर्णय आपण त्याच्या हातून काढून घेतो, हेही खरं आहे.

‘सगळं करा’ म्हणजे काय, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. न्यूमोनिया झालेल्या तिशीतल्या माणसाला व्हेंटिलेटर लावतात तो फुप्फुसांना दुरुस्तीसाठी चार दिवस मिळावेत म्हणून. पलीकडे बरं होणं दिसत असतं. सर्व अंगात पसरलेल्या कॅन्सरच्या अखेरीस तेच यंत्र लावलं, तर ते फक्त शेवट लांबवतं. थांबलेलं हृदय सुरू करण्यासाठी छाती दाबतात, ती अशी जोरात दाबावी लागते की म्हाताऱ्या माणसाच्या फासळ्या मोडतात. ज्याचं हृदय अचानक बंद पडलंय, त्याच्यासाठी ही किंमत मोजण्यासारखी आहे. ज्याचं शरीर महिनाभर हळूहळू विझत आलंय, त्याच्यासाठी नाही. हा फरक डॉक्टरांना पक्का ठाऊक असतो. अशा रुग्णाच्या बाबतीत छाती न दाबण्याचा निर्णय आधीच कसा करावा, याच्या मार्गदर्शक सूचना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २०२० साली काढल्या आहेत. पण दारात येणारा प्रश्न ‘सगळं करायचं, की काहीच नको?’ असा असतो. आईसाठी ‘काहीच नको’ म्हणणारं लेकरू कुठल्या घरात आहे?

डॉक्टरांचीही एक बाजू आहे. रुग्ण दगावला की काचा फुटतात, गचांडी धरली जाते. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावं. अशा हवेत ‘आता यंत्र नको’ असं सुचवण्यापेक्षा यंत्र लावणं सोपं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या’ हे वाक्य. आपल्या दवाखान्यांत बोललं जाणारं सर्वांत खोटं वाक्य कुठलं असेल, तर हे. आजार बरा करण्यासारखं काही उरलेलं नसतं, एवढाच त्याचा खरा अर्थ. करण्यासारखं मात्र ढीगभर असतं. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरची जखम चिघळली की तिला वास सुटतो. घरचे नाकाला पदर लावतात आणि आजारी माणूस लाजेनं भिंतीकडे तोंड करतो. त्या जखमेवर मेट्रोनिडाझोलची, म्हणजे जुलाबाला देतात त्याच स्वस्त गोळीची, पूड करून घातली की वास बराचसा जातो. नातू परत खोलीत यायला लागतो. धाप लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर टेबलफॅनचा झोत सोडला तर त्याला बरं वाटतं, याला अभ्यासाचा आधार आहे. मॉर्फिन सुरू केलं की बद्धकोष्ठ होणारच, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत द्यायचं. तोंड कोरडं पडतं, ते दर तासाला ओल्या कापसानं पुसायचं. कूस बदलायची. हे सगळं ‘करणं’च आहे. फक्त त्याला यंत्र लागत नाही आणि त्याचं बिल मोठं होत नाही.

या शास्त्राला मराठीत कुणी उपशामक सेवा म्हणतं, कुणी परिहारक. दवाखान्यात सगळे पॅलिएटिव्हच म्हणतात. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, तिथून त्याची आजची घडण सुरू झाली. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. आणि मरणाऱ्या माणसाचं दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, पैशाचं, नात्यांचं मिळून एकच दुखणं असतं, हे त्यांनी वैद्यकाला ऐकवलं. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला १९८६ साली उभं राहिलं, ‘शांती आवेदना सदन’. गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालतं. टाटा हॉस्पिटलचे लोक मुंबईत रुग्णाच्या घरी जातात. पण गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीच्या माणसाला यातलं काय उपयोगाचं? केरळात कालिकतला १९९३ साली काही डॉक्टरांनी एक छोटी संस्था काढली, मग वस्तीवस्तीतले स्वयंसेवक पुढे आले, आणि २००८ मध्ये राज्य सरकारनं या सेवेचं धोरणच केलं. तिथे ग्रामपंचायतीच्या मदतीनं नर्स गाडीतून घरोघर फिरते. सहकाराचं जाळं आपलं, महिला बचत गट आपले, गावोगावी आशाताई आपल्या, आणि एवढं साधं काम आपल्याला जमू नये?

मॉर्फिनचं तर विचारूच नका. वेदना वाढेल तशी औषधाची पायरी चढवत न्यायची आणि वरच्या पायरीवर मॉर्फिन द्यायचं, हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्येच सांगितलं होतं. अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या शेतांत, सरकारी परवान्यानं पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं असा धाक बसवला, की औषधाच्या दुकानदारांनी आणि दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. ते मिळवायला अनेक परवाने लागत, आणि शेवटचा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. कायदा २०१४ साली बदलला, एका परवान्यावर काम व्हावं अशी सोय झाली. तोवर डॉक्टरांच्या दोन पिढ्या हे औषध हाताळायला न शिकताच बाहेर पडल्या होत्या. घरच्यांची भीती आणखी वेगळी. ‘‘व्यसन लागेल हो!’’ ज्या माणसाचे फार तर दोन महिने उरलेत, त्याला व्यसन लागेल याची काळजी करणारी आपली मध्यमवर्गीय नीतिमत्ता थोरच म्हणायची.

आणखी एक गोष्ट घराघरात छळते, ती म्हणजे जेवण. आपल्याकडे प्रेम भरवून दाखवतात. ‘काही खाल्लं का?’ हा आपला पहिला प्रश्न, आणि मरणाऱ्या माणसाच्या उशाशी तोच शेवटचाही. मावशी तोंड फिरवायची आणि आई मऊ भाताचा चमचा घेऊन तिच्या तोंडामागे फिरायची. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागणं बंद करतं. जेवण थांबलं म्हणून माणूस जात नसतो, तो निघालेला असतो म्हणून जेवण थांबतं. बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मावशीचा तसाच झाला का, हे मला कधीच कळणार नाही, आणि आईला मी तो प्रश्न पडू दिलेला नाही. नाकातून नळी घालून पेज सोडली की आपलं समाधान होतं. ‘उपाशी मारलं’ असं कुणी म्हणू नये, याची ती तजवीज असते. खरं तर जुन्या बायकांना हे कळत होतं. तुळशीच्या पानानं गंगेच्या पाण्याचा थेंब ओठाला लावायच्या. आज पॅलिएटिव्हची नर्स ओल्या कापसानं ओठ पुसायला शिकवते, ती काही फार वेगळं सांगत नाही.

‘खरं सांगितलं तर माणूस आशा सोडेल’ हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. खचणारी माणसं असतात. काहींना खरंच जाणून घ्यायचं नसतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण ते नको म्हणतात की आपणच त्यांच्या वतीनं नको म्हणतो, एवढं तरी तपासावं. ‘तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल?’ असं विचारता येतं. उत्तर ‘मुलाला सांगा, मला नको’ असं आलं, तर प्रश्न मिटला. आणि आशेबद्दल बोलायचं, तर बोस्टनमध्ये झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा. दुसऱ्या गटातली माणसं कमी उदास होती, शेवटी शेवटी जोरदार उपचार त्यांनी कमी घेतले, आणि जगली मात्र जास्त, मध्यक (मीडियन) काढला तर ८.९ महिन्यांच्या जागी ११.६ महिने. एका अभ्यासावर फार भार टाकू नये हे खरं. पण पॅलिएटिव्हला पाठवणं म्हणजे हात टेकणं, ही समजूत सोडायला तेवढा पुरेसा आहे.

आता कायद्याकडे येते. वर्तमानपत्रांनी या विषयाला ‘इच्छामरण’ हा शब्द चिकटवून ठेवलाय आणि त्यानं फार घोटाळा केलाय. इच्छामरण भीष्माला होतं. तो उत्तरायणाची वाट बघत शरपंजरी पडून राहिला. ‘मला व्हेंटिलेटर लावू नका’ म्हणणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला असलं काही नको असतं. तिला मरण बोलवायचं नसतं, आलेल्याला उंबऱ्यावर अडवून धरायचं नसतं. विष टोचून जीव घेणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि तो तसाच राहिलाय. उपचार नाकारणं ही वेगळी गोष्ट. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न आणि औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. त्याआधी १९६६ साली सावरकरांनीही अन्न-औषध सोडूनच प्राण सोडला. विचारांनी दोन ध्रुवांवरची ही दोन माणसं मरणाच्या बाबतीत एकाच वाटेनं गेली, आणि महाराष्ट्रानं दोघांपुढे हात जोडले. मात्र आपल्या आजोबांनी ‘पुरे आता’ म्हटलं, की आपण सलाइन लावतो.

मराठी माणसाच्या मनात हा विषय म्हणजे अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. तिच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात तिथेच अमानुष हल्ला झाला, ती कधीच भानावर आली नाही, आणि मे २०१५ मध्ये ती गेली. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सनी तिला भरवलं, पुसलं, वळवलं. तिला भरवणं थांबवावं, अशी पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०११ मध्ये फेटाळली. पण उपचार काढून घेण्याचा मार्ग, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं का होईना, पहिल्यांदा त्याच निकालात उघडला. मला त्या खटल्यातला प्रश्न वेगळाच वाटत आलाय. विराणींचं म्हणणं कळकळीचं होतं आणि नर्सचंही. अरुणाच्या वतीनं बोलायला दोन बाजू होत्या, आणि तिचं स्वतःचं म्हणणं काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. पंचविशीतली मुलगी असलं काही लिहून ठेवणार तरी कशाला?

पण साठीतली माणसं लिहू शकतात. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, कायद्याचा आधार दिला. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी, वगैरे अटी अशा, की लोक वाटेतच थकले. जानेवारी २०२३ मध्ये त्या सैल केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्यांची नावं घालायची. मत बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. हा कागद असला म्हणून कुणी तडकाफडकी यंत्र बंद करत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर. दोन्ही मंडळांचा होकार लागतो. ‘इस्टेटीसाठी मुलं म्हाताऱ्याला मारतील’ असं म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. उलट कागद नसतो, तिथेच कुणाचंही काहीही चालतं. मुंबईतले डॉ. निखिल दातार या प्रश्नावर उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे राज्यानं हे कागद सांभाळायला स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अधिकारी नेमले.

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट टोचत राहते. लिव्हिंग विल हा ज्यांना जास्त उपचार होण्याची भीती आहे, त्यांचा कागद आहे. या देशात बहुतेकांना भीती उलटी आहे. पैसे संपले की ‘लामा’ घेतात, म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज. अॅम्ब्युलन्समध्ये कुणी पुतण्या हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबत बसतो, गाव येईपर्यंत. मग ओटीवर उतरवतात आणि नळी काढतात. मॉर्फिनची एक गोळी सोबत दिलेली नसते. याला निवड म्हणायची माझी तयारी नाही. पैसेवाला आयसीयूत तडफडतो आणि गरीब ओटीवर. दोघांपर्यंत वेदनेचं औषध पोचत नाही, एवढीच काय ती समता.

आणि घरच्या मरणाचं कौतुक करताना जपून करावं. ‘आपल्या माणसांत, आपल्या अंथरुणावर’ हे ऐकायला छान वाटतं. बेडपॅन कोण काढतं? रात्री तीनला कूस कोण बदलतं? बहुतेक घरांत सून, नाहीतर नोकरी सोडून आलेली मुलगी. पुरुष संध्याकाळी येऊन उशाशी बसतात आणि तेराव्याला ‘सगळ्यांनी फार केलं’ म्हणतात. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात, घरी येणाऱ्या नर्सचे देत नाहीत. ती सोय होईपर्यंत घरी मरण्याचा हट्ट म्हणजे घरातल्या एका बाईवर टाकलेलं काम आहे. म्हणून तिलाही विचारा.

मी माझा कागद गेल्या वर्षी केला. नोटरीनं मान वर न करता विचारलं, ‘‘फ्लॅट कुठला?’’ फ्लॅटचं नाही, व्हेंटिलेटरचं आहे म्हटल्यावर त्यानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि बसायला खुर्ची दिली. साक्षीला शेजारच्या दोघी होत्या. परतताना त्यांतली एक म्हणाली, मसुदा मलाही दे. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आहे. माझ्या वतीनं बोलायला धाकट्या मुलीचं नाव घातलंय, कारण मोठा हळवा आहे, तो ‘सगळं करा’ म्हणेल. मुलीनं दोनदा वाचला, दोन प्रश्न विचारले आणि कपाटात ठेवला.

मुलाला मी अजून सांगितलेलं नाही.